उलटा आटा

"परत येऊ नका," असं तोंडावर सांगून पुढच्या रविवारी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. साखर पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांना सगळे 'उलटा आटा' म्हणत. आटा म्हणजे स्क्रूचा, नटबोल्टचा. मी त्यांना मामा म्हणायचो, कारण सोलापुरात अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला दुसरं काही म्हणायची पद्धत नाही.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी पुण्यात होती. दिवसभर घरात कुणाशी बोलायचं नाही याची सवय मला लागत नव्हती. अशात एकदा मंगळवार बाजारात भंगारवाल्याकडे सायकलची जुनी स्टीलची फ्रेम दिसली. लांबच्या प्रवासासाठी केलेली, मागेपुढे कॅरिअर लावायला भोकं ठेवलेली. कुणी गोरा प्रवासी टाकून गेला, असं भंगारवाला म्हणाला. तो सगळ्याच मालाबद्दल तसं म्हणत असावा. पण मला अक्कलकोटपलीकडची दुधनी आठवली. माझी पहिली नोकरी तिथली, संसार मांडला तोही तिथेच. सोलापूरला बदली झाल्यावर मी बायकोला नेहमी म्हणायचो, एकदा इथून सायकलवर दुधनीला जाऊन येऊ. ती म्हणायची, "आधी दळण तर आणा सायकलवरून." दळणही राहिलं आणि दुधनीही. मी ती फ्रेम उचलून घरी आणली.

आधी जुने सुटे भाग काढायचे होते. पायडलचा आस जिच्यात फिरतो ती उजव्या बाजूची लोखंडी कटोरी काही केल्या निघेना. तीन दिवस रॉकेल सोडलं, पान्ह्याला पाइप लावून लोंबकळलो, दोन्ही तळहात सोलून घेतले. शेवटी फ्रेम रिक्षात टाकून एका सायकल दुकानात नेली. दुकानदाराने लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "उलट्या आट्याचं काम हाय, उलट्या आट्याकडंच न्या."

मामा दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात बनियन, जाड भिंगांचा चष्मा. आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेलेलं. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, तेव्हा ह्यांनी खिळे, बोल्ट, चामडी पट्टे, लोखंडी पट्ट्या असं मिळेल ते घरी आणलं होतं. घरात माणूस एक आणि डबे शंभर. त्यांनी पान्हा लावला, मी फिरवत होतो त्याच्या नेमका उलटा, आणि एक हिसका दिला. कटोरी कुरकुरली आणि फिरली.

"तुमी तीन दिवस खोलत न्हवता साहेब," ते म्हणाले, "आवळत होता."

मग त्यांनी मला समजावलं. ही कटोरी आणि डावं पायडल, सायकलीतल्या ह्या दोन गोष्टी उलट्या आट्याच्या. "सरळ आटा आसता तर चालवता चालवता सुटून पडलं आसतं. उलटा हाय म्हणून टिकतंय की." एवढं बोलून झाल्यावर गल्लीच्या तोंडाकडे हात केला. "झालं तुमचं काम. परत येऊ नका. मला लई कामं हायेत."

मी मुकाट्याने फ्रेम उचलायला गेलो तर म्हणाले, "ते राहू द्या हितंच."

दर रविवारी मी जायला लागलो. मामांची बोलण्याची रीत कळायला दोनतीन रविवार गेले. चाक नीट जमलं की ते म्हणत, "बेकार झालंय." मी डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यायचो, तर "काय चटणी हाय का माती" म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेत. आणि निघताना ठरलेलं वाक्य, "पुढल्या रविवारी येऊ नका." एकदा एक घरांचा दलाल आला. मामांची खोली आणि मागची जागा त्याला हवी होती. मामांचा आवाज इतका गोड झाला की मी पान्हा खाली ठेवला. "या की साहेब, रविवारी या, निवांत बसू." दलाल खूश होऊन गेला. तो कोपऱ्यावरून वळला आणि मामा म्हणाले, "आता आला तर कडीच काढत न्हाय." मग मला कळलं की ज्याला ते 'या' म्हणतात, त्याने येऊ नये, आणि ज्याला 'येऊ नका' म्हणतात, त्याची ते सकाळपासून वाट बघतात. हे कळल्याचा मला जो आनंद झाला तो बँकेत बढती मिळाल्यावरही झाला नव्हता.

सायकल काही भराभर होत नव्हती. चाकं एका दूधवाल्याच्या मोडक्या सायकलची, ती फ्रेममध्ये लहान पडली, म्हणून ब्रेक रिमपर्यंत पोचेनात. मामांनी मागाची एक पट्टी कापून, भोकं पाडून ब्रेक खाली उतरवले. सीटचं चामडं मागाच्या पट्ट्याचं. हँडलला टॉवेलचं जाड सूत इतकं घट्ट गुंडाळलं की टोक कुठे दडवलंय ते मला अजून सापडलेलं नाही. कटोरीत छर्रे घालताना ते आपल्या घरच्या तेलुगूत मोजत, वकटी, रेंडू, मूडू, आणि अकराव्याला थांबत. मला तेलुगू फक्त अकरापर्यंत येते ती त्यामुळे.

मामांचा मुलगा भिवंडीला असतो असं गल्लीत ऐकलं होतं. एकदा मी विचारलं, "मामा, मुलगा येतो का भिवंडीहून?"

"मीच येऊ नको म्हनलंय त्याला."

"मग?"

"मग न्हाय येत." ते खाली बघून आरे आवळत राहिले. "सरळ हाय बिचारा. आईवर गेलाय."

माझी मुलगीही दर शनिवारी फोन करून विचारायची, येऊ का बाबा, आणि मी म्हणायचो, कशाला धावपळ. तीही आईवर गेली आहे.

पुढे मुलीने घर बदललं म्हणून मी पुण्याला गेलो आणि दोन रविवार चुकले. मामांना कळवलं नाही. खरं तर आपलं जाणंयेणं कुणाला कळवायचं असतं ही सवयच मोडली होती. परत आल्यावर फोन केला. पलीकडून तो गोड आवाज आला, "या की साहेब, रविवारी या. निवांत बसू."

शब्दन् शब्द तोच. दोन रविवार गेलो नाही तर म्हाताऱ्याने मला दलालाच्या रांगेत बसवलं. मग रागही आला. इतके महिने भाकरी खाल्ली बरोबर, त्याची ही किंमत. म्हटलं, बरं, राग शांत होऊ दे, एक रविवार जाऊ दे. त्या रविवारी मी दिवसभर घरात बसून जुने पेपर चाळले.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर विड्या वळत बसलेल्या लक्ष्मीबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"आत्ता आलाव व्हय साहेब? मामाला मुलानं नेलं की भिवंडीला. डोळ्याला दिसंना झालतं. गेल्या रविवारी नेलं."

"मला काही बोलले नाहीत ते."

"बोलवलंतं की तुमास्नी. फोनवर माझ्यासमोरच म्हनले, रविवारी या. त्या दिवशी नऊपासनं दोन स्टुलं टाकून दारात बसलेले. दोनदा चहा केला, दोनदा गार झाला. मुलगा सकाळच्या गाडीनं चल म्हनत होता, तर साहेब येनार हायेत म्हनून संध्याकाळची धरली."

मी ओट्यावर बसलो. आयुष्यभर उलटं बोललेला माणूस माझ्याशी एकदा सरळ बोलला होता, आणि मी मोठा जाणकार, ते उलटं करून घेतलं होतं.

लक्ष्मीबाईंनी आपल्या घरातून सायकल बाहेर आणली. पूर्ण झाली होती. फक्त डावं पायडल नव्हतं. ते एका टॉवेलच्या तुकड्यात बांधून कॅरिअरला अडकवलेलं होतं. "मामा म्हनले, डावं साहेबाला बसवू द्या. आता चुकनार न्हाईत म्हनावं."

मी मुलाचा नंबर घेऊन भिवंडीला फोन केला. मामांना आता फोनवर नीट ऐकूही येईनासं झालंय, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "त्यांना सांगा, मी चुकलो." तो म्हणाला, "सांगतो." सांगितलं की नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. दिवाळीच्या आधी मामा गेल्याचं लक्ष्मीबाईंकडूनच कळलं.

डावं पायडल मी बसवलं, बरोबर उलटं फिरवून. रविवारी अक्कलकोट रस्त्याला थोडं अंतर जातो आणि परत येतो. दुधनी अजून झालेली नाही. सायकल आता बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते, आणि चहा घेताना माझं तोंड तिच्याकडे असतं.

परवाच्या शनिवारी मुलीचा फोन आला. "येऊ का बाबा उद्या?"

"कशाला धावपळ करतेस," मी म्हटलं. "मला इथे पुष्कळ कामं आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मी सायकलकडे बघत बसलो. चहा गार झाला. मग परत फोन लावला आणि म्हटलं, "ये."

घाबऱ्या आवाजात तिने विचारलं, "बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे," मी म्हटलं. "ये."