शुक्रवारच्या आत विकायची अंगठी

माझा साखरपुडा मोडला तेव्हा आईला माझ्यापेक्षा अंगठीचीच काळजी जास्त होती, असं मी बरीच वर्षं रागाने सांगत असे. ते काही पूर्ण खरं नव्हतं. पण अंगठी ही डोकेदुखी होती खरीच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही शारजाला अल नहदामध्ये राहत होतो, मी दुबईत नोकरीला जात होते. सुट्टीत पुण्याला गेलो असताना साखरपुडा घाईघाईत उरकला. शारजात मात्र लग्नाची तारीख ठरल्यावरच पेढे वाटायचे, असं आईने ठरवलं होतं, त्यामुळे अंगठी मी बिल्डिंगच्या बाहेर पडल्यावर बोटात घालत असे. पुढे मुलाचं म्हणणं कळलं: बायकोने पुण्यात त्याच्या आईवडिलांजवळ राहायचं, तो दुबईत राहणार. मी नाही म्हटलं. अंगठी परत घ्यायला त्याची आई तयार होईना. "एकीच्या बोटातली दुसरीला घालणं आमच्यात चालत नाही," असं तिने फोनवर सांगितलं आणि दुकानाचं बिल तेवढं पाठवून दिलं. म्हणजे आता तुमचं तुम्ही निस्तरा.

तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी दुसरं स्थळ आणलं. मंडळी शुक्रवारी मला बघायला येणार होती. आधीचं काही त्यांच्या कानावर गेलं तर ते पायरीसुद्धा चढणार नाहीत, या भीतीने आईची झोप उडाली. त्यात तिने एक नवीनच नियम काढला. एका घरची अंगठी कपाटात असताना दुसऱ्या घरच्यांपुढे पोहे ठेवायचे नाहीत. अंगठी शुक्रवारच्या आत गेलीच पाहिजे, आणि कुणाला कळता कामा नये. मी चिडून म्हटलं, "आई, दिस इज रिडिक्युलस." 

ती अंगठी शारजातल्या ज्या दुकानातली होती, त्याच दुकानातून आमच्या ओळखीची सगळी मराठी घरं दागिने घेत. तिथे जायची सोय नव्हती. म्हणून बाबांनी गाडी काढली ती थेट तासाभरावरच्या रास अल खैमाला. तिथे आम्हाला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. आमच्या घरी दर सुट्टीआधी आईच्या बांगड्या मोडून नव्या घडणीच्या घेतल्या जायच्या. सोनं मोडलं की पैसे हातात. ही अंगठी हिऱ्याची होती, पण हिऱ्याचं काही वेगळं असेल अशी शंका आम्हा तिघांपैकी एकालाही आली नाही. तिथल्या दुकानदाराने भिंगातून पाहिलं, अंगठी काट्यावर टाकली आणि म्हणाला, "सोने का एक सौ बीस दिरहॅम. हीरे का कुछ नहीं. जहाँ से लिया, वहीं वापस दो."

"म्हणजे पंधराशे रुपये!" बाबा म्हणाले. 

शेवटी बुधवारी दुपारी, दुकानात कुणी नसेल अशा बेताने, आई आणि मी शारजाच्या त्या दुकानात गेलो.  काचेच्या दाराबाहेर कुणी दिसलं की माझी मान आपोआप वळे. शेठजी जुने ओळखीचे. त्यांनी बिल पाहिलं, अंगठी पाहिली. "ले लेंगे," ते म्हणाले. "बस, अंगूठी को हाथ नहीं लगा होना चाहिए. छोटी-बड़ी किया तो फिर खलास." आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याच क्षणी दार उघडून काकू आत आल्या. आमच्याच काकू, स्थळ आणणाऱ्या.

"अगंबाई, तुम्ही इथे? आणि अंगठी कुणाची?"

 आई क्षणभरही अडखळली नाही. "माझीच. यांनी घेतली लग्नाच्या वाढदिवसाला. घट्ट होते हो, जरा मोठी करायला आणलीय." असं म्हणून तिने काउंटरवरचं बिल मुठीत दाबलं.

शेठजी गोंधळले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बड़ी करना है? पक्का? फिर वापस नहीं होगी." आता आई काय म्हणते याकडे मी जीव मुठीत धरून पाहत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"करो," आई म्हणाली.

आतल्या कारागिराने अंगठी कापली, सोन्याचा तुकडा जोडला, घासून पुसून दिली. काकूंनी ती स्वतःच्या हाताने आईच्या बोटात सरकवली आणि कौतुक केलं. बाबांचंही केलं. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि आईचा इतका राग आला होता की घरी जाताना मी टॅक्सीत पुढे बसले.

शुक्रवारी मंडळी आली. काकू बरोबर होत्याच, त्यामुळे आईला अंगठी काढून ठेवता येईना. मी साडी नेसून बसले होते. मुलगा बरा वाटत होता, हळू आवाजात बोलणारा. आई पोह्यांची बशी त्याच्या आईपुढे धरून उभी राहिली आणि काकू म्हणाल्या, "अंगठी बघितलीत का? नवरा असावा तर असा."

आईचा हात थरथरायला लागला. बशीतला चमचा वाजत होता. मला इतके दिवस वाटत होतं की ती मला लपवतेय. त्या हाताकडे बघितल्यावर कळलं की माझ्याहून जास्त तीच घाबरलेली आहे, आणि हे तिला आता झेपत नाहीये.

"ती अंगठी माझी आहे," मी म्हटलं. "माझा साखरपुडा झाला होता. मी मोडला."

काकूंनी आ वासला.  मुलाच्या आईने बशी घेतली, टीपॉयवर ठेवली आणि थोड्या वेळाने पाणी मागितलं. मंडळी चहा घेऊन, गोड बोलून गेली, आणि पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

लिफ्टचं दार लागल्यावर मी आईच्या बोलण्याची वाट बघत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.  ती बशा विसळत होती. सगळ्या विसळून झाल्या, हात पुसून झाले, तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "पोह्यांच्या आधीच सांगू."