चौथा रकाना

शेजारच्या देशांतून शिष्यवृत्तीवर येणाऱ्या मुलांची जबाबदारी सांगलीच्या आमच्या संस्थेत गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. याला माझी विद्वत्ता कारण नाही. त्या बैठकीला मी उशिरा पोहोचलो आणि तोवर बाकीची कामं वाटून झाली होती. तेव्हापासून भूतानच्या मुलाची दाढ दुखली तरी फोन मला येतो, आणि बांगलादेशच्या मुलीला नदीचे ताजे मासे कुठे मिळतील हेही मीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी नेपाळहून एक मुलगी ग्रामीण विकास शिकायला आली. पार वरच्या डोंगरातली. मराठी ती वसतिगृहाच्या खानावळीतल्या मावशींकडून शिकली, त्यामुळे ‘हाय’, ‘न्हाई’, ‘कवा’ असंच बोलायची. जी भाषा जिभेवरून खरवडून काढायला माझं सगळं शिक्षण खर्ची पडलं, ती या पोरीने सहा महिन्यांत उचलली आणि माझ्याच केबिनमध्ये उभी राहून बोलू लागली. मी दर वेळी सांगायचो, ‘आहे’ म्हणावं. ती मान डोलवून म्हणायची, “व्हय सर.”

वर्षाअखेरीला तिला एक पाहणी करायची होती. अहवाल मंजूर झाला तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळून घरी. तिने विषय निवडला एका मेंढपाळ कुटुंबाचा. मला हसूच आलं, कारण मी मेंढपाळाच्याच घरातला. आमचं गाव जतच्या बाजूचं, आणि माझा थोरला भाऊ अजून मेंढरं राखतो. या विषयात मला कोण काय शिकवणार, अशा थाटात मी प्रश्नावली स्वतःच तयार केली. त्यात चौथा रकाना होता: एकूण मेंढ्या.

दादा त्या वेळी कुंडलजवळ एकाच्या रानात मेंढरं बसवून होता. लेंडीखतासाठी शेतकरी बोलावतात, तीन-चार मुक्काम होतात आणि कळप पुढे सरकतो. मी इस्त्रीचा शर्ट घालून मुलीसोबत तिथे पोहोचलो. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. वर बघून म्हणाल्या, “भावजी, लग्नाला निगालासा व्हय?”

मुलगी मात्र आल्या आल्या जमिनीवर बसली आणि दादाला विचारू लागली. घरात माणसं किती, फिरती कुठवर, चारा कसा, सगळं सुरळीत चाललं होतं. चौथ्या प्रश्नाशी ती थांबली. एकदा कागदाकडे बघितलं, एकदा दादाकडे, आणि सरळ पुढच्या प्रश्नावर गेली.

मी म्हणालो, “अगं, चौथा राहिला.” ती पुढचंच वाचू लागली. मग मीच विचारलं, “दादा, एकूण मेंढ्या किती?”

“हायती की. देवाच्या दयेनं.”

“तसं नाही. आकडा सांग.”

“बरी हायती.”

मला संशोधनाची घाई होती. मी उठलो, मेंढरं कोंडलेल्या वाघरीच्या जाळीपाशी गेलो आणि बोट नाचवत मोठ्याने मोजायला लागलो. सत्तेचाळीसपर्यंत गेलो असेन. वहिनींचा हात भाकरीवर थांबला. दादाने माझ्याकडे पाठ फिरवली. पाठीमागून मुलीने माझी बाही धरली. “सर, नगा मोजू.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. तोंडाने आकडा काढला की कळपाला नजर लागते. याच कारणावरून लहानपणी मी वडिलांचा पाठीत धपाटा खाल्ला होता. तो मी विसरलो होतो, आणि परदेशातून आलेल्या मुलीला न सांगता कळलं होतं.

“आमच्याकडं बी मोजत न्हाईत,” ती दादाला म्हणाली. “बाबा लय रागावत्यात.”

दादा वळला. “मग एकांदं हारवलं तर कसं कळतं तुमच्यात?”

“त्याचं तोंड दिसत न्हाई ना.”

दादाने माझ्याकडे बघितलं. “हिला शिकीवतोस व्हय रं तू?”

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी ताठतो. मी सगळ्यांना कडक आवाजात ऐकवलं, की रकाना रिकामा राहिला तर अहवाल परत येणार, शिष्यवृत्ती बंद होणार आणि हिला शिक्षण सोडून घरी जावं लागणार. दादाने जाळीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “पोरीचं नुकसान हुतंय म्हनल्यावर सांगतो मी आकडा.”

मुलीने वही मिटली. “आकडा नगो, दादा.” तिचे डोळे भरले होते. मला तिचा रागही आला आणि तिच्यापुढे मी फार लहान झालो असंही वाटलं.

थोड्या वेळाने तिने वही पुन्हा उघडली. “तोंडं सांगा,” ती म्हणाली.

दादा सांगत गेला. कानतुटकी, तिची पोर बांडी, दुसऱ्याच्या पिकात शिरणारी मोरी, आई मेल्यावर शेळीच्या दुधावर वाढलेली काळतोंडी. प्रत्येक मेंढीची आई कोण, कुठल्या मुक्कामाला जन्मली, स्वभाव कसा. मुलगी एका ओळीत एक अशी लिहीत होती. वहिनी मध्येच म्हणायच्या, “ती मोरीची न्हवं, तिच्या भणीची,” आणि खाडाखोड व्हायची. दोन भाकऱ्या करपल्या. दिवस मावळला तरी सगळी तोंडं झाली नाहीत, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या दिवशी मी साधा शर्ट घातला होता. यादीला तिने अनुक्रमांक दिले नाहीत.

समितीपुढे अहवाल गेला. अध्यक्षांनी पानं चाळली, मान हलवली, आणि नेमकं बोट ठेवलं. “काम चांगलं आहे. पण चौथा रकाना रिकामा. एकूण मेंढ्या किती?”

मुलीने खाली बघितलं. ओळी मोजणं काही अवघड नव्हतं, कुणीही मोजल्या असत्या. मार्गदर्शक म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले.

“हायती की,” मी म्हणालो. “देवाच्या दयेनं.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग मी त्या खोलीत पहिल्यांदाच सांगितलं, की मी कुणाच्या घरातला, आमच्यात का मोजत नाहीत, आणि कळपातलं एकही जनावर या पानांतून सुटलेलं नाही. अध्यक्षांनी चौथ्या रकान्यात ‘यादी जोडली आहे’ असं लिहायला सांगितलं आणि सही केली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मागे कुत्री भुंकत होती.

“पास झाली का पोर?”

“झाली.”

“आन तू?”