नकाशातली चिमणाबाई

भिकन पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर जसाच्या तसा उतरवायचा, स्वतःचं काही घालायचं नाही, असं ते काम. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नद्या उतरवल्यावर माणसाला आपली एखादी नदी काढावीशी वाटली, तर कोणी नावं ठेवू नयेत. भिकननं अख्खा मुलूख काढला.

निमित्त राकेशचं. राकेश सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर. १९९५ साली तो ट्रेनिंगहून येताना एका इंग्रजी खेळाच्या नियमांची झेरॉक्स घेऊन आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं गोष्ट पुढं न्यायची, आणि काम जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. असा फासा नाशकात मिळाला नाही. मग तांबोल्याच्या संचातले पहिले वीस आकडे एका पिशवीत घातले, आणि दर रविवारी दुपारी मखमलाबादला भारतच्या पडवीत आम्हा चौघांचा खेळ सुरू झाला. भारतची फुलशेती होती. त्याची आई सरुबाई तिथंच बाजूला झेंडूचे हार ओवत बसायची.

झेरॉक्समध्ये लढवय्ये होते, जादूगार होते, संकटात धावा करायला संतही होते. पण त्यांची नावं घेताना राकेशची जीभ अडकायची. "मरायच्या वेळी एवढं स्पेलिंग कोण आठवत बसणार?" तो म्हणाला.

"संत मी देतो," भिकन म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भिकन बौद्ध. त्याच्या वडिलांनी छप्पन साली देव, नवस, अंगारे सगळं सोडलं होतं, आणि भिकननं त्यातलं काहीही परत घरात येऊ दिलं नव्हतं. या माणसानं पुढच्या सहा वर्षांत एकतीस संत केले.

त्याची पद्धत उलटी होती. चमत्कार सगळ्यात शेवटी. आधी गाव, मग धंदा, मग त्या संताला काय जमत नाही ते लाल शाईनं. "हद्द आधी आखायची," तो म्हणायचा. "हद्द नसली तर तो नकाशा नाही, नुसतं रंगकाम." त्याचा भिमाजी कुणाचंही ओझं डोक्यावर घेई, पण एकदा घेतलेलं त्याला खाली ठेवता येत नसे, तो उभ्यानंच झोपे. त्याच्या रंगूबाईसमोर खोटं बोललं की बोलणाऱ्याला खोकला येई. त्यापायी तिला सख्ख्या लेकीच्या लग्नाला कुणी बोलावलं नाही. आणि सगळ्या संतांना मिळून एक नियम होता, जो त्या झेरॉक्समध्ये कुठंही नव्हता. मोठा आकडा आला तर चमत्कार. लहान आला तर तेच काम संतानं साध्या माणसासारखं, स्वतःच्या पायांनी जाऊन करायचं. सुटका नाही.

चिमणाबाई ही त्यांतली निरोपी. तिच्याजवळ सांगितलेला निरोप हरवलेल्या माणसापर्यंतसुद्धा पोचायचा. लाल शाईत लिहिलं होतं: निरोपात स्वतःचा एक शब्द घालता येत नाही. भिकननं तिला डोंगरातलं एक गाव दिलं, चैत्रातली यात्रा दिली, यात्रेसाठी एसटीच्या जादा गाड्याही दिल्या.

२००१ चा पावसाळा सरता सरता, एका रविवारी सरुबाईनं हातातला हार खाली ठेवला.

"भिकनभाऊ, ह्या चिमणाबाईची गाडी जुन्या सीबीएस स्टँडवरून सुटती का महामार्ग स्टँडवरून?"

कुणी हसलं नाही. सरुबाईचा थोरला मुलगा साई सात वर्षांपूर्वी, खेळ सुरू व्हायच्या आधीच, भारतशी भांडून घरातून गेला होता. सुरतेला साड्या छापायच्या मिलमध्ये असल्याचं कळलं होतं. पत्रांना उत्तर नव्हतं. भारत एकदा तिथं जाऊन आला होता, तो भांडण पुढं चालू ठेवून आला.

"मावशी," भिकन म्हणाला, "ती बाई मी केलीय. खरी नाही. तसं गावही नाही."

"तुम्हीच केली ना?"

"हो."

"हार बी मीच करते. म्हणून तो देवाला चालत नाय का?" तिनं पदराला हात पुसले. "मंग तर बरंच झालं. तिची जागा तुम्हाला ठाव हाय. घाला माझा निरोप."

भिकननं संतांच्या वहीत चिमणाबाईचं पान काढलं. मग त्यानं पिशवी तिच्यापुढं केली. "आकडा काढा. नियम सगळ्यांना एकच."

तिनं काढला. तीन.

"हात नीट गेला नाही मावशींचा," राकेश घाईनं म्हणाला. "परत काढा."

"तीनच," भिकन म्हणाला.

"दादा, आईला काय खेळ कळतो?" भारत म्हणाला.

"न कळायला काय झालं? सा वर्षं ऐकतीये," सरुबाई म्हणाली. "लहान आकडा आला. आता बाईला पायी जावं लागंल."

भिकननं पेनाचं टोपण काढलं. "सांगा निरोप."

"साईला म्हणावं, हिरीचं पाणी खाली गेलं म्हणून यंदा शेवंती कमी लावली. मारकी म्हैस इकली. तुझी सायकल भारत वापरतो, त्याच्यावरून भांडू नको."

"घरी ये, असं नाही म्हणायचं?" राकेशनं विचारलं.

"घर कुठंय ते त्याला ठाव नाय का?"

भिकननं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. सोमवारी त्यानं ऑफिसात तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि सुरतेची एसटी धरली. तेहतीस कोटींवर श्रद्धा असलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. स्वतःच्या देवाच्या शब्दाखातर रजा टाकणारा मी तेवढा एकच पाहिला, आणि त्याचा देवावर विश्वास नव्हता.

पुढच्या रविवारी राकेशनं त्याला गाठलंच. "पायी जायचं होतं ना, भिकनदादा?"

"पेठच्या घाटात गाडी बंद पडली. दोन किलोमीटर चाललो. धरून घे."

मग त्यानं सरुबाईला सांगितलं. तीन मिल पालथ्या घातल्यावर चौथीच्या फाटकाशी, चहाच्या टपरीवर साई सापडला. भिकननं उभ्या उभ्या वही काढून निरोप वाचला, 'इकली'सकट. साईनं विचारलं, आणखी काय म्हणाली? भिकन म्हणाला, एवढंच. साईनं विचारलं, तुम्ही कोण? 'ट्रेसर,' भिकन म्हणाला. भोंगा झाला आणि साई आत गेला.

"वाळलाय का?" सरुबाईनं विचारलं.

"वाळलेला नाही. हात कोपरापर्यंत निळे आहेत. रंगाचे."

तिनं मान हलवली आणि सुईत दोरा ओवला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, एवढा झेंडू पडला होता. खेळ चालू होता. एक माणूस पिशवी खांद्याला लावून आत आला आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलजवळ थांबला. त्यानं पायडल उलटं फिरवून पाहिलं.

"चेन ढिली ठेवलीय," तो म्हणाला.

भारत पाना आणायला आत गेला.

सरुबाई उठली नाही. तिनं शेजारचा फुलांचा ढीग हातानं बाजूला सारला. साई त्या जागेत बसला, तिच्यापुढची दुसरी सुई उचलली आणि निळ्या बोटांनी ओवू लागला. गाठ तो अजून घरच्यासारखीच मारत होता.

डाव भिकनचा होता. तो त्या हातांकडे बघत राहिला, आणि त्याला आठवण करून द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.