सारखं ‘नक्की ना?’ विचारणारं सॉफ्टवेअर

ज्या घरात लहान मूल आहे आणि ज्या ऑफिसात जुनं सॉफ्टवेअर आहे, तिथे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा साठतात! माझ्याकडे तेव्हा दोन्ही होतं.

आमचं ऑफिस पनवेलला, उरण नाक्याजवळ, मिठाईच्या दुकानाच्या वर. मालक दामले सर. कारखान्यांत पाण्याच्या, तेलाच्या मोठाल्या टाक्या बनतात ना, त्यांचा पत्रा किती जाड हवा याचं गणित करणारं सॉफ्टवेअर सरांनी स्वतः लिहिलं होतं. गणित एकदम पक्कं. पण स्क्रीन! चौकटीला चौकट चिकटलेली, डोळ्यांना श्वास घ्यायला जागा नाही.

बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले, तेव्हा सरांनी ते सोपं करायचं काम मला दिलं. सोबत अटही घातली. “तळोज्याच्या म्हात्र्यांनी हो म्हटलं, तर तुझा स्क्रीन. नाही म्हटलं, तर माझाच राहील आणि तू टेस्टिंगला.”

म्हात्रे म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाकडचे डिझायनर. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, हे फसलं तर नोकरी सोडायची आणि लेकीजवळ घरी बसायचं. म्हणजे माझी नोकरी कोणाच्या हातात, तर ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं त्या म्हात्र्यांच्या!

*

पहिल्याच दिवशी सरांशी जुंपली. एका चौकटीवर नुसतं ‘TX’ लिहिलेलं.

“सर, हे TX म्हणजे काय?”

“पत्रा पुढे गंजणार, म्हणून आधीच धरलेली जादा जाडी.”

“मग तसंच लिहू या ना.”

सर दचकले. “तसं लिहिलं तर कोणीही वापरेल!”

*

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की ‘एरर ४७’ यायचा. का यायचा, ते आता सरांनाही आठवत नव्हतं. तीनदा एन्टर मारलं की जायचा. मी तो शोधून काढून टाकला, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश झाले. चाचणीसाठी एक-दोन छोट्या ग्राहकांना नवी सीडी दिली.

दुसऱ्या दिवशी फोन. आमच्याकडे फोन घ्यायचे इरफानभाई. जन्म पनवेलच्या मोहल्ल्यातला, जिभेवर साखर. ग्राहक इतका ओरडत होता, की मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं.

“इरफानभाई, सॉफ्टवेअर बिघडलं! सत्तेचाळीस येतच नाही!”

“अहो, मॅडमनी काढला तो.”

“काढला? मग फाइल उघडली हे आम्हाला कळणार कसं?”

इरफानभाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. “मॅडम, यांचा सत्तेचाळीस वापस द्या. बिचारे बेचैन आहेत.”

मी मुकाट्याने ‘फाइल उघडली’ असा एक संदेश घातला. लगेच दुसरा फोन. “फार छान झालं. आता एन्टर कितीदा मारायचं?”

*

माझा स्वभाव असा, की गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून परत जाते. तो स्वभाव सॉफ्टवेअरमध्ये कधी उतरला, मलाच कळलं नाही. उंची बदलली की ‘नक्की ना?’ पत्रा बदलला की ‘नक्की ना?’ फाइल बंद करताना तर दोनदा.

बोटींच्या डिझेलच्या टाक्या बनवणाऱ्या उरणच्या एका नाखवांनी फोनवर थेट मलाच मागितलं.

“ताई, यो सॉफ्टवेअर तुमी बनवलाव?”

“हो. काही अडचण?”

“सारखा नक्की ना, नक्की ना! टाकी बनवायची हाय, लगीन नाय जमवायचा!”

बहुतेक ‘नक्की ना’ मी त्याच दुपारी काढले. एक ठेवला. काढवेना.

*

लेकीसाठीच्या सूचना मी फ्रिजवर चिकटवून जायचे. दूध किती कोमट, भरवताना मान कशी, शिंक आली तर काय. एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे सगळं वाचून होईपर्यंत पोरगी शाळेत जायला लागेल!”

मला रडू यायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी सॉफ्टवेअरमधल्या मदतीच्या सूचना निम्म्यावर आणल्या. सर म्हणाले, “हे बरं सुचलं तुला.” मी म्हटलं, “घरी रिव्ह्यू झाला.”

*

एका सुट्टीच्या दिवशी लेकीने माझ्या कीबोर्डवर दोन्ही हात आपटले. उंचीच्या चौकटीत ही लांबलचक संख्या! सॉफ्टवेअरनेही निमूटपणे त्या टाकीचं गणित करून दिलं. मी घाबरून सरांना म्हटलं, अशा संख्या अडवायला हव्यात.

“आपले ग्राहक आठ महिन्यांचे नाहीत,” सर म्हणाले.

त्याच आठवड्यात इरफानभाईंनी एका ग्राहकाची फाइल आणली. गृहस्थाने मीटरच्या चौकटीत मिलिमीटर भरले होते. टाकी प्रबळगडाच्या कितीतरी वर!

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “याचं वय काय?”

*

आणि मग तो तळोज्याचा दिवस.

म्हात्रे तिथल्याच ओवे गावचे. भरघोस मिशी, बोलणं मोजकं. वाटेत सरांनी मला सांगून ठेवलं होतं, की हा माणूस टाकीचा हिशेब आधी कॅल्क्युलेटरवर करतो. मग तेच उत्तर येईपर्यंत सॉफ्टवेअरमधल्या चौकटी बदलत बसतो, आणि रिपोर्ट छापतो. म्हात्र्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. “इसाब आमी करतो. सॉफ्टवेअरकडनं फक्त कबूल करून घेतो!”

त्यांच्याकडे सकाळीच पाण्याच्या टाकीची ऑर्डर आली होती. “हीच घेतो,” म्हणाले आणि बसले. सर बाजूला. मी मागे उभी, नजर त्यांच्या मानेवर. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, एवढंच मला बघायचं होतं.

ते भरत गेले. मध्येच थांबले. कान खाजवला. एक पान मागे गेले. मी “मदत…” म्हणायला तोंड उघडलं, तर सरांनी डोळे वटारले. मग त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनकडे बघत राहिले. मान कुठल्याच बाजूला हलेना. कॅल्क्युलेटर शर्टाच्या खिशातच.

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. झालं, मला वाटलं, त्यांच्या साहेबांकडे तक्रार!

“अरं, आठ एमएमची प्लेट काढ. हां. कापायला घे.”

सर ताडकन उठले. “अहो म्हात्रे, थांबा, थांबा! कॅल्क्युलेटरवर तरी बघा! हा नुसता डेमो आहे!”

म्हात्र्यांनी शांतपणे फोन खाली ठेवला.

“सायेब, तुमचा डेमो असंल. माजी टाकी हाय.”