पोळ्याचा मान आणि लाळेची ट्यूब

"त्याचा नंबर आधी लावला ना मॅडम? मंग माही थुंकी नाई भेटनार," असं म्हणत किसनजींनी खर्र्याची पन्नी उघडली आणि सुपारी-तंबाखू तोंडात टाकला.

झालं! खर्रा खाल्ला की अर्धा तास सॅम्पल घेता येत नाही. लाळेतून डीएनए काढायचा तर तोंड स्वच्छ लागतं. हे मी सकाळीच सांगितलं होतं, म्हणूनच त्यांनी तो खाल्ला.

मी मानववंशशास्त्रज्ञ. माणूस मुळात कुठला, कसा पसरला, हे शोधणाऱ्या प्रोजेक्टवर काम करते. घर पिपरी मेघेला, लॅब नागपूरला. पवनारच्या पुढच्या एका गावात आम्हाला दोन जुन्या शेतकरी घराण्यांची सॅम्पल्स हवी होती. एक किसनजींचं, दुसरं शेजारच्या रामदासजींचं. दोघांचं भांडण पोळ्याचं. तोरणाखाली पहिली बैलजोडी कोणाची? मान गावात आधी आलेल्या घराण्याचा, आणि दोन्ही घरं म्हणणार, आम्हीच आधी. मॅडमच्या मशीनमधून याचा निकाल लागतो, असं कोणीतरी दोघांच्या डोक्यात भरवून दिलं होतं.

प्रोजेक्टच्या सरांना फोन लावला.

"लागतो म्हणून सांग," सर म्हणाले. "दोन्ही सॅम्पल्स महत्त्वाची आहेत."

"खोटं बोलून कन्सेंट घेऊ?"

सर म्हणाले, "बघ बाई, तुझं तू."

असा संताप आला! पण दोघांनाही किसनजींच्या ओसरीवर बसवलं आणि खरं ते सांगून टाकलं. गावात कोण आधी आलं ते यातून कळत नाही. आम्ही बघतो ते फार मागचं. त्यावर शास्त्रज्ञांतही दोन पक्ष होते. एक म्हणे, जागोजागच्या जुन्या माणसांपासूनच, ती आपसात मिसळत, आजची माणसं झाली. दुसरा म्हणे, आजचा माणूस आफ्रिकेत घडला आणि तिथून जगभर पसरला.

"माहा पक्ष पयला," किसनजींनी जाहीर केलं. "आमी इथलेच."

"पुरावा दुसऱ्याकडे जास्त आहे. वाटेत जुन्या माणसांशी थोड्या सोयरिकी झाल्या, तेवढं पहिल्याचं खरं."

"म्हंजे हा रामदास आफ्रिकेतून आला?"

"तुम्हीपण."

"संगंच आलो?" रामदासजी पुढे सरकले. "का हा मांगून आला?"

किसनजींच्या बायको शांताबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "मशीन निकाल देत नाई म्हन्ते, त मंग भेव कायचं? देऊन टाका ना!"

बायकोपुढे किसनजींचं चालत नाही. चूळ भरली, अर्धा तास फुगून बसले आणि ट्यूब भरून दिली. रामदासजींनीही दिली.

रिपोर्ट आले, ते दोघांनी सोबतच ऐकायचं ठरवलं. डीएनएवरून आपण आईकडून तिच्या आईकडे, असं मागे मागे जाऊ शकतो. ही आईकडची ओळ दोघांचीही एकाच गटात निघाली. म्हणजे हजारो वर्षांमागे दोघांची माय एकच. या गटात देशातले असंख्य लोक बसतात, हेही सांगितलं. पण कोण ऐकतो!

"म्हंजे आमी मावसभाऊ?" किसनजींनी विचारलं.

"फार फार लांबचे."

"लांबचे असो. मावसभाऊच ना?"

पोळ्याला मला बोलावणं होतं. दोन्ही जोड्या सजून तोरणापाशी आल्या आणि किसनजींनी आपला कासरा मागे ओढला.

"जा बाप्पा, तू वयानं मोठा हायेस," ते रामदासजींना म्हणाले. "भावाभावात मोठ्याचा मान."

रामदासजींचे डोळे भरून आले, आणि ओरडले काय? "हे तुले इतके वर्सं काऊन नाई सुचलं बे?"

मी इतकी खूश झाले की तिथूनच सरांना फोन केला. "पण रिपोर्टमधून असा निष्कर्ष निघत नाही," सर म्हणाले.

बरोबर आहे, निघत नाही. पण ते त्या दोघांना समजावायचं असेल, तर सरांनी स्वतः यावं. मी जाणार नाही.