एकेचाळिसाव्या दिवसाचा पाव

तीन दिवस झोडपून पाऊस सकाळी थांबला, आणि वेढ्याच्या छावणीतल्या चिखलावर कोवळं ऊन पडलं. चिलखताचा गंज घासून निघावा म्हणून सरदार आन्सो बाह्या सारून पिंप लोळवत होता. पिंपात वाळू, सिरका आणि गंजलेलं कड्यांचं चिलखत. पलीकडून ढकलायला म्हातारा मोतद्दार गोबेर.

आन्सोची जहागीर म्हणजे एक टेकडी, अर्धी पाणचक्की आणि बाकी सगळा वारा. विसाव्या वर्षी कमरेला तलवार बांधली, तिसाव्या वर्षी नाक मोडलं, आता पन्नाशी आली. पण मुलखात नाव होतं ते तलवारीचं नव्हे, हाताचं. अडलेलं शिंगरू तो कोपरापर्यंत हात घालून सुखरूप बाहेर काढी. घरी करडी घोडी गाभण होती, दिवस भरत आले होते. गेल्या साली तो वेढ्यात अडकला आणि तिचं शिंगरू पोटातच गेलं.

वर्षाचे चाळीस दिवस घरची शिदोरी खाऊन मोठ्या सरकारांसाठी लढायचं, ही त्याची शपथ. चाळीस सरले की मोकळा. मात्र त्यानंतर सरकारांचा एक घास जरी तोंडात गेला, तर वेढा उठेपर्यंत राहायचं कबूल केलं, असा रिवाज.

तेवढ्यात सरकारांचा कारभारी रेनिए टोपली घेऊन आला.

"घ्या सरदार, गरम पाव. वर लोणी."

चाळीस दिवस बुरशी खरवडून खाल्लेल्या आन्सोच्या तोंडाला पाणी सुटलं. पाव ओठाला टेकला.

"धनी," गोबेर भाल्याच्या दांड्यावर रोज एक अशा पाडलेल्या खाचांकडे बघत म्हणाला, "चाळिसावी खाच म्या कालच पाडली बरं का."

आन्सोने चटकन तोंड मिटलं.

"काय कारभारी, कालपर्यंत आमच्या पोटाची आठवण नव्हती ती?"

"अहो, आठवड्यात गड पडतोय! एका घोडीपायी वेढा सोडता? लोक हसतील."

"हसू देत. गेल्या साली थांबलो, तर गडही पडला नाही आणि शिंगरूही गेलं. घोडी काय गडासाठी थांबणार आहे?"

रेनिएने पाव परत घ्यायला हात पुढे केला. पण पाव एव्हाना आन्सोच्या हातातून गोबेरच्या तोंडात गेला होता.

"मला कुठली आलीय शपथ?" तो भरल्या तोंडानं म्हणाला. "माझ्या कमरेला कुणी तलवार बांधली होती?"

रेनिएला हसू आवरेना. "जा बाबांनो, जा! रिवाज तो रिवाज."

आन्सोने पोटावरचा पट्टा एक भोक आवळला. दुपारी निघालं तर चौथ्या दिवशी घर. पण चिलखत अजून एका अंगानं गंजून लाल होतं.

"लोणी पूस मिशीचं," तो म्हणाला, "आणि ढकल."