बसूच्या गळ्यातलं

सोमवारी नांदेडला बसूच्या मेंदूचा एमआरआय केला. बसवराज, माझा धाकटा भाऊ, अहमदपूरला आमचं हार्डवेअरचं दुकान सांभाळायचा. दिवाळीपासून त्याला सगळीकडून निरोप येतात... हॉर्नमधून, गिऱ्हाइकाच्या खोकल्यातून, बिस्किटाच्या पुड्यावरून.

तो आणि आई सकाळच्या एसटीने माझ्याकडे आले. खरं सांगते, त्या फोटोत काहीतरी निघावं म्हणून आम्ही दोघी मनातून देवाला विनवत होतो. गाठ निघाली तर निदान बोट ठेवून म्हणता येईल, हे बघा, हे कारण आहे... आमचा बसू असा नाही.

आत जायच्या आधी टेक्निशियन म्हणाला, अंगावर धातू चालत नाही, गळ्यातलं काढा. आईचा चेहरा उतरला. बसूच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. आम्ही लिंगायत, ते अंगावेगळं करत नाही... माणूस गेला तरी ते त्याच्यासोबत जातं. बसू तर लहानपणी तापाने फणफणलेला असला तरी पूजेला उठून बसायचा, त्याआधी पाणीसुद्धा घ्यायचा नाही.

आई म्हणाली, "बाळा, माझ्याकडं दे. हातातच धरून बसते, खाली न्हाई ठेवत."

मला वाटलं, आता हा चिडेल. खरं तर त्याने चिडावं असंच वाटत होतं. त्याने दोरा डोक्यातून काढला आणि दुकानाची किल्ली द्यावी तसं तिच्या हातात ठेवलं. बघितलंसुद्धा नाही.

मग खिसे रिकामे करायला सांगितले, आणि बसू भिंतीला टेकून थरथरायला लागला. खिशात एसटीचं तिकीट होतं. "अक्का, हे न्हाई देणार. हे माझ्यासाठीच छापलंय." मी समजावलं, दटावलं... शेवटी टेक्निशियनच म्हणाला, "असू द्या ताई, कागदच हाय." त्या भल्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते. बसू तिकीट मुठीत धरून आत गेला.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं... गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते ना? कशाला महत्त्व द्यायचं हे मेंदू ठरवतो, आणि बसूचं ते ठरवणंच बिघडलंय. संशोधनात पुष्कळ पेशंटचे स्कॅन एकत्र बघतात तेव्हा फरक दिसतो, एकट्याच्या फोटोत दाखवता येत नाही. गोळ्यांनी कमी होऊ शकतं, पण वेळ लागेल.

आता फोनवर सगळे म्हणतात, नॉर्मल आलाय ना, मग झालं की. काय सांगू त्यांना...

मंगळवारी सकाळी आईने माझ्या घरी पूजा केली. आधी स्वतःचं लिंग तळहातावर घेतलं, मग बसूचं... कालपासून ते त्याने परत मागितलंच नव्हतं. तो शेजारीच चहा पीत बसला होता.

मी म्हटलं, "बसू, झाली बघ पूजा. तुझं घाल ना आता गळ्यात."

त्याने वळून पाहिलं, अगदी नीट पाहिलं. "ते मायचं हाय, अक्का," म्हणाला.

आईने लिंग ठेवून डबी मिटली. मला मात्र तिथे थांबवेना... माझा भाऊ समोर बसलेला असताना मी आत जाऊन त्याच्यासाठी रडले.